क्रम लावण्याच्या रीती

गोदावरीच्या उत्तर तीरावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात शहागड हे गाव वसले आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता येथेच गोदावरी ओलांडतो आणि बीड जिल्ह्यात प्रवेश करतो. मध्य प्रदेशात, सागर जिल्ह्यात, शाहगढ नावाचे दुसरे एक गाव आहे. देवनागरीत लिहिली असता ही दोन नावे वेगळी दिसतात; परंतु रोमन लिपीत, घाईघाईने आणि अस्पष्ट अक्षरांत लिहिलेल्या पाकिटावर त्यांच्यातील भेद एकदोन अक्षरांवर येऊन ठेपतो. समजा, शहागडच्या एखाद्या तरुणाला नोकरीच्या मुलाखतीसाठी बोलावणारे पत्र चुकून सागर जिल्ह्याच्या थैलीत पडले. ते तेथून परत फिरून गोदाकाठी येईपर्यंत मुलाखतीचा दिवस उलटून गेलेला असेल. पत्र हरवले नाही, फाटले नाही, उघडलेही गेले नाही. तरी ते व्यर्थ गेले. त्याची वाटणी नीट झाली नाही, एवढेच काय ते त्याचे दुर्दैव!

वस्तूंची वाटणी करणे व त्या क्रमाने लावणे, हे काम वरवर पाहता क्षुल्लक वाटते; पण मनुष्याच्या असंख्य व्यवहारांचा पाया त्यावरच उभारलेला आहे. शाळेचा हजेरीपट, मतदारांची यादी, शब्दकोश, ग्रंथालयातील कपाटे, ही सर्व क्रमाच्या जोरावर उपयोगी पडतात. जालना जिल्ह्यातील मोसंबी प्रसिद्ध आहे. ती बाजारात जाण्यापूर्वी तिची लहानमोठी फळे निरनिराळी करावी लागतात. शब्दकोशातील शब्द जर कसेही विखुरलेले असते, तर एका शब्दासाठी सगळा ग्रंथ चाळावा लागला असता.

क्रमाचा लाभ किती होतो, हे मोजूनही पाहता येते. हजार नावांची यादी विस्कळीत असेल, तर हवे असलेले नाव शोधताना प्रसंगी हजारही नावे वाचावी लागतील. तीच यादी वर्णानुक्रमाने असेल, तर प्रथम मधले नाव पाहावे. हवे असलेले नाव त्याच्या आधी येते की नंतर, हे लगेच कळते आणि अर्धी यादी बाजूला पडते. उरलेल्या अर्ध्या यादीचे पुन्हा मधले नाव पाहावे. असे करत गेल्यास हजार नावांतून हवे ते नाव फार तर दहा वेळा पाहून सापडते. यादी एक लाख नावांची असली, तरी सतरा वेळा पाहणे पुरते. कोठे एक लाख आणि कोठे सतरा!

मात्र हा लाभ फुकट मिळत नाही. यादी आधी कोणीतरी क्रमाने लावावी लागते, आणि त्या कामाला श्रम पडतात. ते किती पडतील, हे वस्तूंच्या संख्येवर तर अवलंबून असतेच; परंतु काम कोणत्या रीतीने केले, ह्यावर ते त्याहून अधिक अवलंबून असते.

एखादे काम पायरीपायरीने, न चुकता, शेवटास नेणाऱ्या निश्चित रीतीला संगणकशास्त्रात अल्गोरिदम असे म्हणतात. नवव्या शतकात बगदाद येथे अल्-ख्वारिज्मी नावाचे एक थोर गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी हिशेब कसे करावेत, हे त्यांनी एका ग्रंथात विशद केले होते. त्या ग्रंथाबरोबर त्यांचे नाव युरोपात गेले आणि लॅटिन उच्चारात बदलून हिशेबाच्या रीतीचेच नाव होऊन बसले. शाळेत बेरजेची, भागाकाराची किंवा वर्गमूळ काढण्याची जी रीत शिकवली जाते, तीही ह्या अर्थाने अल्गोरिदमच होय.

दोन रीतींपैकी चांगली कोणती, हे कसे ठरवावे? घड्याळ लावून पाहावे, असे प्रथम मनात येईल. परंतु एकाचा हात चपळ असतो, दुसऱ्याचा मंद. एक यंत्र नवे असते, दुसरे जुने. घड्याळ माणसाचा किंवा यंत्राचा वेग सांगेल, रीतीचा गुण सांगणार नाही. म्हणून जाणकार मिनिटे मोजत नाहीत. ते पायऱ्या मोजतात. क्रम लावताना दोन वस्तू शेजारी धरून ‘आधी कोणती, नंतर कोणती’ असे पाहणे, म्हणजे एक तुलना. अशा किती तुलना कराव्या लागल्या, आणि वस्तूंची संख्या वाढली असता तुलनांची संख्या कशी वाढली, हे तपासणे म्हणजे रीतीचे विश्लेषण करणे होय.

समजा, शाळेतील विद्यार्थ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका टोपलीत कालवून ठेवल्या आहेत आणि त्या वर्णानुक्रमाने लावायच्या आहेत. सर्वांत सरळ रीत निवडीची. सर्व चिठ्ठ्या पाहून वर्णानुक्रमात पहिली येणारी निवडावी व बाजूला ठेवावी. उरलेल्यांतून पुन्हा पहिली येणारी निवडावी, आणि टोपली रिकामी होईपर्यंत असेच करावे. चिठ्ठ्या दहा असतील, तर पहिल्या निवडीस नऊ तुलना लागतील, दुसरीस आठ, तिसरीस सात. अशा रीतीने एकूण ४५ तुलना होतील. चिठ्ठ्या शंभर असतील तर ४,९५० आणि हजार असतील तर ४,९९,५०० तुलना होतील. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. चिठ्ठ्या दसपट झाल्या, पण श्रम दसपट झाले नाहीत. ते जवळजवळ शंभरपट झाले. ह्या रीतीत श्रम संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात.

दुसरी रीत पत्ते खेळणाऱ्यांच्या परिचयाची आहे. हाती आलेले पान आधीच्या लावलेल्या पानांत योग्य जागी खोचावे, मग पुढचे पान घ्यावे. तिला जागी बसवण्याची रीत म्हणता येईल. मूळचा क्रम अगदी उलटा असेल, तर येथेही हजार चिठ्ठ्यांना ४,९९,५०० तुलना पडू शकतात. परंतु मूळचा क्रम बहुतेक बरोबर असेल आणि एखाददुसरीच चिठ्ठी भलत्या जागी असेल, तर हजारदोन हजार तुलनांत काम उरकते. हजेरीपटात एका नव्या विद्यार्थ्याचे नाव घालायचे असता सगळा पट कोणी नव्याने लावत नाही. ते नाव आपल्या जागी बसवले जाते. ह्यावरून असे दिसते की, एकाच रीतीचे श्रम प्रसंगानुसार कमीअधिक होऊ शकतात. म्हणून रीतीचे विश्लेषण करताना अनुकूल प्रसंग, सर्वसाधारण प्रसंग आणि अत्यंत प्रतिकूल प्रसंग, असे तिन्ही विचारात घेतात. केवळ अनुकूल प्रसंगावर विसंबणारा मनुष्य आणीबाणीच्या वेळी फसतो.

तिसरी रीत मिलाफाची. तिचा पाया एका साध्या गोष्टीवर आहे. दोन गठ्ठे आधीच क्रमाने लावलेले असतील, तर ते एकत्र करणे फार सोपे असते. दोन्ही गठ्ठ्यांची केवळ वरची चिठ्ठी पाहावी. जी आधी येते ती उचलावी. पुन्हा वरच्या दोन चिठ्ठ्या पाहाव्यात. गठ्ठ्यांच्या पोटात डोकावण्याची गरजच पडत नाही. आता हजार चिठ्ठ्या घेऊन प्रथम दोन दोन चिठ्ठ्यांच्या लावलेल्या जोड्या कराव्यात. मग दोन जोड्यांचा मिलाफ करून चारांचे गठ्ठे, त्यांचे आठांचे, त्यांचे सोळांचे, असे वाढवत जावे. गठ्ठा प्रत्येक फेरीत दुप्पट होत असल्यामुळे दहा फेऱ्यांत सर्व हजार चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात येतात. एका फेरीत हजाराहून कमी तुलना होतात. म्हणून सर्व मिळून दहा हजारांपेक्षाही कमी तुलना पुरतात. निवडीच्या रीतीला लागणाऱ्या सुमारे पाच लाख तुलनांशी हा आकडा ताडून पाहावा. दर सेकंदाला एक तुलना करणारा मनुष्य मिलाफाच्या रीतीने अडीच तासांच्या सुमारास मोकळा होईल; निवडीच्या रीतीने त्यालाच अहोरात्र बसून पावणेसहा दिवसांहून अधिक काळ लागेल. ह्या रीतीला गठ्ठे मांडण्यासाठी जादा जागा मात्र लागते, हे सांगितले पाहिजे. इलेक्ट्रॉनिक संगणक बाल्यावस्थेत असताना, १९४५ साली, जॉन फॉन नॉयमन ह्या गणितज्ञांनी ही रीत संगणकासाठी लिहून ठेवली होती.

चौथी रीत टोनी होअर ह्या इंग्रज तरुणाला १९५९ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात शिकत असताना सुचली. तेथे रशियन वाक्यांचे यंत्राने भाषांतर करण्याचे प्रयत्न चालू होते. शब्दकोश लांबलचक चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमाने नोंदलेला असे. म्हणून वाक्यातील शब्द आधी क्रमाने लावून घेतले, तर फीत पुन्हा पुन्हा मागेपुढे करावी लागत नसे. होअर यांनी असा विचार केला की, एक शब्द खूण म्हणून घ्यावा. त्याच्या आधी येणारे शब्द एका बाजूला व नंतर येणारे दुसऱ्या बाजूला करावेत. मग प्रत्येक बाजूस तोच नियम पुन्हा लावावा. १९६१ साली प्रसिद्ध झालेली ही रीत जलद आहे आणि तिला जादा जागाही थोडीच लागते. परंतु प्रत्येक वेळी खुणेचा शब्द दुर्दैवाने अगदी टोकाचाच निघाला, तर तिचे श्रम निवडीच्या रीतीइतके वाढतात. म्हणून तो शब्द विचारपूर्वक निवडावा लागतो.

येथे कोणी म्हणेल की, आता यंत्रे इतकी वेगवान झाली आहेत की रीतीचा हा खल कशाला? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कार्यान्वित झाला. आज लोकांच्या खिशात असलेला फोन त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जलद आहे. मग निवडीची सोपी रीतच वापरली म्हणून काय बिघडले? ह्या शंकेचे उत्तर आकड्यांनीच द्यावे. एक यंत्र सेकंदाला हजार तुलना करते, पण निवडीच्या रीतीने काम करते असे मानू. एक कारकून सेकंदाला एकच तुलना करतो, पण मिलाफाच्या रीतीने काम करतो. चिठ्ठ्या हजार असतील, तर यंत्र साधारण सव्वाआठ मिनिटांत काम संपवील आणि कारकून अडीच तास खपत बसेल. येथे यंत्र जिंकले. आता चिठ्ठ्या एक लाख करू. निवडीच्या रीतीने ४९९ कोटी ९९ लाख ५० हजार तुलना होतात. यंत्राला त्यासाठी सुमारे ५८ दिवस अखंड चालावे लागेल. मिलाफाच्या रीतीने सतरा फेऱ्यांत जास्तीत जास्त सतरा लाख तुलना होतात. कारकून अखंड बसला, तर वीस दिवसांच्या आत उठेल. हजारपट वेगवान यंत्र हरले आणि कारकून जिंकला! काम लहान असेल तेव्हा वेग उपयोगी पडतो. काम मोठे झाले की रीतच तारते.

हे उदाहरण काल्पनिक असले, तरी तशा मोठ्या संख्या नित्याच्या व्यवहारात येतात. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला दरवर्षी सुमारे पंधरा लाख विद्यार्थी बसतात. त्यांची नावे गुणांच्या क्रमाने लावायची झाली, तर निवडीच्या रीतीला सुमारे एक लाख साडेबारा हजार कोटी तुलना लागतील. सेकंदाला एक कोटी तुलना करणारा संगणकही त्यासाठी एकतीस तासांहून अधिक काळ घेईल. मिलाफाच्या रीतीला एकवीस फेऱ्या, म्हणजे फार तर तीन कोटी पंधरा लाख तुलना लागतील. तोच संगणक त्या तीनचार सेकंदांत करील.

मग मिलाफाहूनही फार कमी तुलनांत काम भागेल अशी एखादी रीत कोणाला सापडेल काय? ह्याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण समजण्यास कठीण नाही. तीन चिठ्ठ्या एकूण सहा प्रकारे मांडता येतात. त्या सहांपैकी बरोबर मांडणी कोणती, हे तुलना करून ओळखायचे आहे. प्रत्येक तुलनेचे उत्तर ‘आधी’ किंवा ‘नंतर’ असे दोनच प्रकारचे असते. म्हणून दोन तुलनांनी फार तर चार मांडण्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतील. सहांसाठी तिसरी तुलना लागणारच. हाच विचार पुढे चालवला असता असे सिद्ध होते की, चिठ्ठ्या पुष्कळ असल्या म्हणजे तुलनांवर चालणाऱ्या कोणत्याही रीतीला प्रतिकूल प्रसंगी मिलाफाच्या रीतीहून फारसे पुढे जाता येत नाही.

मात्र ह्या मर्यादेतून सुटण्याची एक वाट आहे. तुलनाच केली नाही तर? शहागडच्या पत्राची गोष्ट येथे पुन्हा ध्यानात घेतली पाहिजे. कारण भारतीय टपालखात्याने हीच वाट धरली. आपल्या देशात एकाच नावाची अनेक गावे आहेत. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव ही नावे तर महाराष्ट्रातच जागोजागी आढळतात. त्यातच पत्ते अनेक लिप्यांत लिहिलेले असतात. पत्रे वाटणाऱ्याने किती गावांची नावे आणि किती लिप्या ध्यानात ठेवाव्यात? ह्यावर टपाल व तार खात्यातील ज्येष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी उपाय काढला. वेलणकर हे मराठी गृहस्थ संस्कृत भाषेचे कवी व नाटककार म्हणूनही विख्यात होते. त्यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला.

पिनकोडातील पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा वाटणीचा जिल्हा. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड ह्या राज्यांच्या पिनकोडांचा पहिला अंक ४ आहे. वाटणी करणाऱ्यापुढे खणांची मांडणी असते. पत्रावरील अंक पाहावा आणि पत्र त्या अंकाच्या खणात टाकावे, एवढेच त्याला करायचे असते. जालना जिल्ह्यातील पिनकोड ४३१ ने सुरू होतात, सागर जिल्ह्यातील ४७० ने. शहागडचे पत्र व शाहगढचे पत्र पहिल्या वाटणीत एकाच खणात पडतील. पण दुसऱ्या अंकाशी येताच एक ३ च्या खणात जाईल आणि दुसरे ७ च्या. अक्षर कितीही वाईट असो, पत्ता कोणत्याही लिपीत असो, अंक स्पष्ट असले म्हणजे पत्र योग्य दिशेला लागते.

ह्या खणांच्या रीतीत कोणतेही पत्र दुसऱ्या पत्राशी ताडून पाहिले जात नाही. प्रत्येक पत्राचे फार तर सहा अंक पाहायचे असतात. पत्रे हजार असतील तर सहा हजार वेळा, आणि एक लाख असतील तर सहा लाख वेळा अंक पाहावे लागतील. पत्रे दसपट झाली, तर श्रमही दसपटच होतील, शंभरपट नव्हे. संगणकातही आकडे लावण्यासाठी ही रीत वापरली जाते. अर्थात तिलाही मर्यादा आहे. ज्या वस्तूंवर ठरावीक लांबीचा अंक किंवा अक्षर लिहिता येते, त्यांनाच ती लागू पडते. दोन मोसंब्यांपैकी जड कोणते, हे केवळ हातात तोलून ठरवायचे असेल, तर तुलनेवाचून गत्यंतर नाही.

सारांश, सर्व प्रसंगी सर्वश्रेष्ठ अशी एकच रीत नाही. चिठ्ठ्या दहावीस असतील, तर निवडीची रीत पुरेशी आहे. यादी बहुतेक लावलेलीच असेल, तर जागी बसवण्याची रीत उत्तम. ढीग मोठा व विस्कळीत असेल, तर मिलाफाची किंवा होअर यांची रीत घ्यावी. वस्तूंवर अंक असतील, तर खणांची. काम हाती घेण्यापूर्वी वस्तू किती आहेत, कोणत्या स्थितीत आहेत आणि उद्या त्या किती वाढतील, ह्याचा हिशेब करावा. घाईने हात चालवणाऱ्यापेक्षा असा हिशेब करून रीत निवडणाऱ्याचे काम आधी पुरे होते, आणि ज्याचे पत्र असेल त्याच्या हाती ते वेळेवर पडते.

अभ्यास

१. रीतीचा गुण ठरवताना मिनिटे न मोजता तुलना का मोजतात?

२. वीस चिठ्ठ्या निवडीच्या रीतीने लावण्यास एकूण किती तुलना लागतील, ते काढा.

३. जागी बसवण्याची रीत कोणत्या प्रसंगी विशेष उपयोगी पडते? स्वतःच्या शब्दांत एक उदाहरण द्या.

४. वेगवान यंत्र कारकुनापुढे केव्हा जिंकले व केव्हा हरले? कारणे सांगा.

५. चार चिठ्ठ्या किती प्रकारे मांडता येतील? त्यांचा क्रम चार तुलनांत खात्रीने लावता येईल काय, ह्याचा विचार करा.

६. आपल्या गावाच्या पिनकोडातील प्रत्येक अंक काय दाखवतो, ते लिहा.